गोळीविना रक्तदाब : कोणाला जमते, किती दिवस?

‘एकदा गोळी सुरू झाली की ती जन्माची मागे लागते,’ ही भीती रक्तदाबाचे निदान झालेल्या घरात हमखास ऐकू येते. मग नाशिककर कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक नाहीतर गोल्फ क्लब मैदान गाठतात. हे चांगलेच, पण कोणासाठी पुरेसे, हे समजून घ्यायला हवे.

वरचा दाब १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ असेल आणि मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल, तर डॉक्टर ३ ते ६ महिने औषधाविना प्रयत्न करू देतात. रोज अर्धा तास भरभर चालल्याने वरचा दाब चार-पाच अंकांनी उतरू शकतो. वाढलेले वजन घटवल्यास किलोमागे साधारण एक अंक कमी होतो. मद्य कमी केल्यानेही फरक पडतो.

खरी परीक्षा मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ पुरे. आपल्या मिसळीत फरसाण, रस्सा आणि सोबतचा पापड, तिन्हींत मीठ असते. उपवासाचे सैंधवही शेवटी सोडियमच. ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

पथ्याने जगणेच बेचव झाले, तर ते टिकत नाही. एकट्यासाठी वेगळी अळणी भाजी केली की माणूस पंगतीत परका होतो. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांचेच मीठ हळूहळू कमी करावे. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. मिसळ कायमची सोडण्यापेक्षा कधीतरी खावी, पापड आणि जादा रस्सा टाळावा.

मात्र ‘मला बरे वाटते’ हा पुरावा नव्हे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही; मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाचे नुकसान मात्र चालूच राहते. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून घरी दाब मोजावा आणि वहीत लिहावा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त राहिली, तर डॉक्टरांना वही दाखवावी. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

गोळी लागली म्हणजे आपण हरलो, असे नाही. चालणे आणि कमी मीठ तेव्हाही उपयोगी पडते. अनेकदा कमी औषधात भागते.