तीळ बघायचा कसा, हेही शिकावं लागतं

मी ब्रिस्बेनमध्ये फॅमिली डॉक्टर आहे. स्टेथोस्कोपइतकाच माझ्या हाताशी डर्मॅटोस्कोप असतो. भिंग आणि दिवा एकत्र असलेलं हे छोटं उपकरण डाग दहापट मोठा दाखवतं. कातडीची चकाकी घालवून खालचे रंग, रेषा, रक्तवाहिन्या दाखवतं. ऑस्ट्रेलियात कडक ऊन आणि गोरी कातडी. सत्तरीपर्यंत तिघांपैकी दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो. एवढे पेशंट त्वचातज्ज्ञांना आवरणारे नाहीत, म्हणून फॅमिली डॉक्टरच ही विद्या शिकतात.

पहिला धडा म्हणजे, सगळं अंग तपासायचं. पेशंट दाखवतो तो डाग अनेकदा निरुपद्रवी असतो. घातक डाग त्याला न दिसणाऱ्या पाठीवर असू शकतो. मग डागातल्या रंगांची, रचनेची विस्कटलेली घडी ओळखायची. मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या घातक कर्करोगाचा, संशय आला, तर शक्यतो नुसता तुकडा न घेता अख्खा डाग, भोवतालच्या दोनेक मिलिमीटर कातडीसह, काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा. कारण पुढचं सगळं गाठ किती खोल गेली यावर ठरतं. ती एक मिलिमीटरच्या आत असेल, तर बहुतेक पेशंट शस्त्रक्रियेनेच बरे होतात. आपण कुठे थांबायचं हेही शिकवतात: पापणीवरची गाठ मी तज्ज्ञाकडेच पाठवते.

आपल्या सावळ्या कातडीत मेलानोमा क्वचित होतो. झालाच, तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नसतो. कुरूप किंवा मुका मार समजून तो अंगावर काढला जातो. जुन्या भाजल्याच्या व्रणातही त्वचेचा दुसऱ्या प्रकारचा कर्करोग उद्भवू शकतो. मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ साली धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे परकराच्या नाडीच्या काचानेही तो होतो असं दिसलं.

म्हणून महाराष्ट्रातल्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे: मधुमेहाच्या पेशंटचे तळपाय तपासताना तिथला काळा डागही पाहा. महिनाभरात न भरणाऱ्या जखमेला नुसतं मलम देत राहू नका; बायॉप्सी करा किंवा करवून घ्या. त्वचेचा कर्करोग डोळ्यांदेखत वाढतो. तो ओळखायला शिकलेला डॉक्टर तालुक्याच्या गावी भेटला, तर पेशंटचा पाय वाचू शकतो, जीवही वाचू शकतो.