खाकीविरुद्धची साक्ष

२३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी तळोजा कारागृहातून निघालेली पोलिसांची गाडी मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर पोहोचली, तेव्हा तिच्यात एक कैदी आणि चालकासह पाच पोलिस होते. बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप त्या कैद्यावर होता. त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला आणि स्वसंरक्षणार्थ झाडलेल्या गोळीने तो ठार झाला, असे पोलिसांनी सांगितले. एक अधिकारी मांडीत गोळी लागून जखमी झाला होता. गाडीत नेमके काय घडले हे शपथेवर सांगू शकतील अशी माणसे त्या रात्री पाचच उरली होती आणि ती पाचही पोलिस खात्यातली होती.

महिनाभरापूर्वी, २० ऑगस्टला, बदलापूरकरांनी रेल्वे रोखून धरली होती, ती याच प्रकरणातील गुन्हा नोंदवण्यास झालेल्या दिरंगाईच्या संतापाने. साहजिकच आरोपीच्या मृत्यूबद्दल हळहळणारे फारसे कोणी नव्हते. अंबरनाथ आणि बदलापूर परिसरात दफनाला विरोध झाला. अखेर २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या स्मशानभूमीत कडक बंदोबस्तात त्याला पुरण्यात आले, तेव्हाही स्थानिकांनी आक्षेप घेतलाच. एक गोष्ट मात्र या गदारोळात बाजूला पडली. आरोपी मरण पावल्यावर त्याच्यापुरता मूळ खटलाही संपतो. त्या मुलींच्या बाजूचा पुरावा न्यायालयात तोलला जाऊन त्याच्यावर दोष सिद्ध होण्याची शक्यताही त्याच गाडीत संपली.

कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते. ती झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. पाचही पोलिसांना त्याने मृत्यूस जबाबदार धरले आणि केलेला बळाचा वापर असमर्थनीय ठरवला. या अहवालाचा पाया पाहण्यासारखा आहे. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे आढळले नव्हते, हा त्यातला कळीचा मुद्दा. अर्थात चौकशीचा अहवाल म्हणजे निवाडा नव्हे. परंतु प्रत्यक्षदर्शी साक्ष एकाच बाजूची असताना निर्जीव वस्तूंकडेच वळावे लागते, हे त्यातून स्पष्ट होते.

एरवीच्या फौजदारी खटल्यात साक्षीदार शोधतात पोलिस, त्यांचे जबाब नोंदवतात पोलिस आणि तारखेला त्यांना न्यायालयात हजर करतात तेही पोलिसच. आरोपीच्या पिंजऱ्यात पोलिस उभा राहिला की ही सारी यंत्रणा स्वतःच्याच विरोधात चालवावी लागते. त्यातच आपल्या कायद्यानुसार पोलिसांपुढील जबाब हा पुरावा ठरत नाही. साक्षीदाराने न्यायाधीशांसमोर शपथेवर सांगितलेले आणि उलटतपासणीत टिकलेले तेवढेच खरे धरले जाते. नियम चांगला आहे, आरोपीच्या रक्षणासाठी आहे. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की जबाब आणि साक्ष यांच्या दरम्यान जी वर्षे जातात, त्या वर्षांत साक्षीदाराला जिवंत, निर्भय आणि ठाम राहावे लागते.

महाराष्ट्रात याची सर्वांत बोलकी नोंद 'लखनभैया' प्रकरणात सापडते. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा मित्र अनिल भेडा यांना नवी मुंबईतून उचलण्यात आले. त्याच संध्याकाळी वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ गुप्ता चकमकीत ठार झाल्याचे जाहीर झाले. रामनारायणचे वकील बंधू रामप्रसाद गुप्ता यांनी मात्र चकमकीची बातमी येण्यापूर्वीच, भावाला उचलले असून त्याच्या जिवाला धोका आहे, अशा तारा आणि फॅक्स अधिकाऱ्यांना धाडून ठेवले होते. ज्या चकमकीला पोलिसांच्या म्हणण्यानुसार गुन्हेगाराशी अचानक पडलेली गाठ कारण होती, तिची आगाऊ सूचना तारखेट्यातून गेलेली होती! आज तार ही सोयच उरलेली नाही. पण तिच्यावरील वेळेची नोंद साक्षीदारासारखी फितूर होत नाही.

उच्च न्यायालयाने चौकशीचे आदेश दिले. दंडाधिकाऱ्यांनी २००८ मध्ये ही हत्या असल्याचा निष्कर्ष काढला. ऑगस्ट २००९ मध्ये न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले आणि २०१० च्या आरंभी अटका झाल्या. भेडा हा एकमेव असा माणूस होता, ज्याला गुप्तासोबत नेले होते आणि जो परतला होता. मार्च २०११ मध्ये, साक्षीला काही दिवस उरले असताना, तो नाहीसा झाला. त्याचा जळालेला मृतदेह मनोर परिसरात सापडला. जबाब कागदावर राहिला, साक्ष मात्र झालीच नाही.

तरीही १२ जुलै २०१३ रोजी सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप सुनावली, ती प्रामुख्याने परिस्थितिजन्य पुराव्याच्या आणि नोंदींच्या आधारे. प्रमुख आरोपी, माजी पोलिस अधिकारी प्रदीप शर्मा त्या वेळी निर्दोष सुटले होते. १९ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ती मुक्तता रद्द करून त्यांनाही जन्मठेप दिली. त्याविरुद्ध शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२४ मध्ये त्यांना शरण येण्यापासून तूर्त सवलत मिळाली.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. तो सर्वांत ठळकपणे उघडा पडला, तो दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी पोलिसांवर चाललेल्या खटल्यांत. हिटलरच्या राजवटीत १९३६ पासून सारे जर्मन पोलिस दल हिम्लरच्या हाताखाली आले आणि एसएस संघटनेशी त्याची वीण घट्ट होत गेली. पूर्व युरोपातील ज्यूंच्या सामूहिक गोळीबारांत साध्या शिपायांच्या तुकड्याही होत्या आणि ठाणे चालवणारे अधिकारीही. युद्धानंतर यांपैकी अनेकजण पुन्हा सरकारी नोकरीत शिरले.

बर्नहार्ड फिशर-श्वेडर हा त्यांतला एक. १९४१ मध्ये मेमेल शहराचा पोलिसप्रमुख असताना लिथुआनियाच्या सीमेवरील हत्याकांडांत त्याचा हात होता. युद्धानंतर तो नाव किंचित बदलून उल्म शहराजवळच्या निर्वासितांच्या छावणीचा प्रमुख झाला. निर्वासितांची छावणी म्हणूनच जन्मलेल्या उल्हासनगरच्या वाचकांना त्या पदाचे वजन वेगळे सांगायला नको. त्याचा भूतकाळ उजेडात येताच ती नोकरी गेली. तो गप्प बसता तर कदाचित निभावले असते. पण नोकरी परत मिळावी म्हणून त्याने न्यायालयात दावा लावला, त्याची बातमी वृत्तपत्रात आली आणि तपासाचे चक्र फिरले. १९५८ च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये उल्म येथे दहा जणांवर खटला चालला. सर्वांना शिक्षा झाली. फिशर-श्वेडरला दहा वर्षे मिळाली. ५,५०२ ज्यूंच्या हत्येत साहाय्य हा दोषारोप होता. मात्र त्या हत्याकांडांतून वाचून साक्षीला येऊ शकणारे अगदी थोडे होते, कारण मारणाऱ्यांनी गावेच्या गावे संपवली होती. त्यामुळे 'पाहिलेले' साक्षीदार म्हणून न्यायालयापुढे वारंवार येत होते ते आरोपींचेच जुने सहकारी.

सहकाऱ्याची साक्ष कशी असते, याचा सविस्तर नमुना हॅम्बुर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलिस तुकडीच्या तपासात मिळतो. १९६२ पासून या तुकडीतील २१० जणांचे जबाब घेण्यात आले. इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये त्यांवर आधारित ग्रंथ लिहिला. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफुव गावात या तुकडीने सुमारे १,५०० ज्यूंना जंगलात नेऊन मारले होते. ज्याला हे काम नको असेल त्याने बाजूला व्हावे, अशी मुभा कमांडरने दिली होती, हेही या जबाबांतूनच कळले. पण बोलणारा माणूस स्वतःविषयी थोडेफार सांगे आणि शेजारच्याचे नाव आले की त्याला काही आठवत नसे. हे सारे स्मृतिभ्रंशाने होत होते असे मानणे भाबडेपणाचे होईल. खून ठरण्यासाठी जर्मन कायद्यात 'नीच हेतू' सिद्ध व्हावा लागे. ज्यूंविषयीच्या द्वेषाबद्दल बोलणे म्हणजे सहकाऱ्याचा आणि कदाचित आपलाही फास आवळणे, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

दुसऱ्या बाजूला तक्रारदाराची पत ही अडचण. आउश्वित्झ छळछावणीतील राजकीय विभाग, म्हणजे तिथली गेस्टापोची शाखा. तिचा कुप्रसिद्ध अधिकारी विल्हेल्म बोगर स्टुटगार्ट भागात आपल्या खऱ्या नावाने राहात होता. १ मार्च १९५८ रोजी त्याच्याविरुद्ध पत्र लिहिणारा आडोल्फ रोग्नर हा छावणीतला जुना कैदी त्या वेळी फसवणुकीच्या प्रकरणात पुन्हा तुरुंगात होता. असल्या तक्रारखोर माणसावर कितपत विश्वास ठेवावा, या विचारात सरकारी वकिलांनी काही महिने घालवले. पत्रातला मजकूर खरा निघाला. बोगरला १९६५ मध्ये जन्मठेप झाली.

आपल्याकडे ख्वाजा युनूसच्या प्रकरणात हीच गाठ दिसते. घाटकोपर बॉम्बस्फोटातील संशयित म्हणून २००२ च्या अखेरीस अटक झालेला हा तरुण अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून 'पळून गेला' असे नोंदले गेले. कोठडीत त्याला बेदम मारहाण होताना पाहिल्याचे सांगणारा महत्त्वाचा साक्षीदार होता त्याचाच सहआरोपी. तो स्वतः २००५ मध्ये निर्दोष सुटला आणि चार पोलिसांविरुद्धच्या खटल्यात त्याची साक्ष झाली ती जानेवारी २०१८ मध्ये, घटनेनंतर पंधरा वर्षांनी. कोठडीत जे घडते ते कोठडीतलाच माणूस पाहणार. सज्जन, प्रतिष्ठित साक्षीदार तिथे आणायचा कुठून?

फ्रँकफर्टमधील आउश्वित्झ खटला डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ असा चालला. सुमारे ३६० साक्षीदार तपासले गेले, त्यांपैकी २११ छावणीतून वाचलेले होते. बचाव पक्षाचा रोख बहुधा तपशिलावर असे. तारीख कोणती, वेळ किती, उभे नेमके कुठे होता? छावणीत ना घड्याळ होते ना दिनदर्शिका. न्यायालयाने या अडचणीतून काढलेला मार्ग आजही अभ्यासण्याजोगा आहे. शीतयुद्धाच्या ऐन भरात, डिसेंबर १९६४ मध्ये, न्यायालयाच्या वतीने न्यायाधीश वाल्टर होट्झ, सरकारी वकील व बचावाच्या वकिलांसह पोलंडमध्ये गेले आणि साक्षीदाराने सांगितलेल्या जागेवरून ते दृश्य खरोखर दिसू शकते का, हे पाहून आले.

या खटल्याला चालना देणारा कागद तर भारतीय वाचकाला थबकवणारा आहे. १९४५ मध्ये ब्रेस्लाउ येथील एसएस व पोलिस न्यायालयाच्या जळक्या इमारतीतून एमिल वुल्कान यांना काही पत्रे मिळाली. ती त्यांनी जपून ठेवली आणि जानेवारी १९५९ मध्ये थोमास ग्नील्का या पत्रकारामार्फत ती महाधिवक्ता फ्रिट्झ बाउअर यांच्याकडे पोहोचली. 'पळून जाण्याच्या प्रयत्नात गोळी घातली' अशा नोंदीखाली मारलेल्या कैद्यांची आणि गोळी घालणाऱ्या पहारेकऱ्यांची नावे त्यांत होती. प्रत्येक प्रकरणाची रीतसर चौकशी होऊन ते दप्तरबंद झाले होते. हत्या लपवण्यासाठी तयार केलेले दप्तरच पुढे आरोपींची यादी ठरले.

साक्षीदारांचे काय? ते पोलंड, इस्रायल, अमेरिका अशा देशांतून, ज्या भाषेचा धसका घेतला होता तीच ऐकायला येत. काही आरोपी जामिनावर असल्याने न्यायालयाच्या आवारात त्यांच्याशी समोरासमोर गाठ पडे. तेव्हा एमी बोनहोफर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी साक्षीदारांना उतरवून घेणे, सोबत बसणे, साक्षीनंतर एकटे न सोडणे हे काम स्वेच्छेने उचलले. आपल्याकडे महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राची योजना देशभर लागू केली. त्याच महिन्यात, २१ डिसेंबरला, सोहराबुद्दीन चकमक खटल्यातील २२ आरोपी मुंबईतील विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. त्यांत बहुसंख्य पोलिस होते. तपासलेल्या २१० साक्षीदारांपैकी ९२ फितूर झाले होते.

बदलापूर प्रकरणात न्यायालयात धाव घेतली होती ती मृताच्या आईवडिलांनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाला सांगितले, की ही धावपळ झेपत नाही, प्रकरण पुढे चालवायचे नाही. कोणाचा दबाव नाही. खंडपीठाने न्यायमित्र नेमून सुनावणी चालूच ठेवली. या खंडपीठावरही न्यायमूर्ती मोहिते डेरे होत्या. ७ एप्रिल २०२५ रोजी विशेष तपास पथकाचा आदेश निघाला. पथक पोलिस महासंचालकांनी नेमावे, एवढा बदल सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात केला. वर्षभरापूर्वी लखनभैया प्रकरणाच्या निकालात याच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अनिल भेडाच्या हत्येचा उल्लेख केला होता. प्रमुख साक्षीदाराच्या मारेकऱ्यांपर्यंत तेरा वर्षांनंतरही तपास पोहोचलेला नाही, याबद्दल त्यात तीव्र खेद नोंदवला आहे.