पन्हळ : छपरावरच्या पाण्याची वाट

उतरत्या छपराच्या कडेला बसवलेली, वरून उघडी असलेली पाण्याची वाट म्हणजे पन्हळ. ती नसेल तर पागोळ्या थेट वळचणीला पडतात, जोत्याजवळची माती उकरली जाते आणि भिंतीत ओल मुरते.

हा शब्द संस्कृत ‘प्रणाल’पासून आला. मंदिरशिल्पात मूळ रूप अजून टिकून आहे. गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारे मुख म्हणजे प्रणाल. त्याला मगरीचे तोंड कोरलेले असले, तर ते मकरप्रणाल. पन्हाळगडाचे जुने नावही ‘प्रणालक’ असे आढळते. शिवाजी महाराजांनी १६७३ साली हा गड घेतला, त्या प्रसंगावर जयराम पिंड्ये यांनी रचलेल्या संस्कृत काव्याच्या नावात तो ‘पर्णालपर्वत’ म्हणून येतो.

पन्हळ केवळ छपरापुरती नाही. कोकणात पोफळीचे खोड उभे चिरून, आतून कोरून केलेल्या पन्हळीतून बागेला पाणी नेत. पन्हळी पत्र्याची तर प्रत्येक खाच ही एक लहान पन्हळच असते. तिच्यातून पाणी उताराने वाहते आणि त्याच वळ्यांमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो.

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, जिथे पत्र्याच्या मोठ्या शेड असतात, तिथे पन्हळीवरचा भार खूप वाढतो. १००० चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर तासाभरात सुमारे ५०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ लिटर पाणी उतरते. कडेची पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर सांडते. दोन छपरांच्या मधल्या पन्हळीचे, म्हणजे ‘व्हॅली गटर’चे, तसे नसते. ती तुंबली की पाणी आत, यंत्रांवर आणि तयार मालावर येते. म्हणून तिची रुंदी, उतार आणि उभ्या नळांची संख्या हिशेबाने ठरवावी लागते. मृगाआधी तिच्यातला पाला आणि धूळ काढणेही तितकेच गरजेचे असते.

कारखान्यात पन्हळीलाही ‘गटर’ म्हणतात आणि सांडपाण्याच्या नालीलाही. दोन्ही पाणी मात्र वेगळेच ठेवले पाहिजे. पहिल्या सरींचे धुळकट पाणी सोडून दिले, की पन्हळीतून येणारे पुढचे पाणी गाळून टाकीत साठवता येते. ते बागेला, स्वच्छतेला वापरता येते किंवा जमिनीत जिरवता येते. एकदा ते सांडपाण्यात मिसळले, की हा उपयोग संपतो आणि शुद्धीकरणाचा भार वाढतो.