अंगणातली नव्हे, अंगावरची रेघ

आज आपण एका चित्रकार आजींची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव एमिली काम उंगवारे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, कोरड्या वाळवंटी मुलखात, १९१० च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. कॅनव्हासवर पहिले चित्र काढले तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात पोचले होते.

त्यांच्या चित्रांना अमूर्त म्हणतात. म्हणजे त्यांत माणूस, झाड, घर असे ओळखीचे काही दिसत नाही. ठिपके, रेघा आणि रंग, बस्स. पाहणारा सहज म्हणतो, "हे तर कुणीही काढेल!" मग आजींच्याच चित्रांना एवढा मान का? त्यासाठी त्यांचे आयुष्य पाहायला हवे.

त्यांच्या नावातला 'काम' हा शब्द आपला नव्हे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ एका रानकंदाचे बी आणि शेंग. हा वेल आपल्या मूग-मटकीच्याच कुळातला. बायका काठीने जमीन उकरून त्याचे कंद काढत. जमिनीला भेगा पडल्या की खाली कंद पोसलाय, हे त्यांना वरूनच कळे.

तिथल्या बायकांचे खास स्वतःचे विधी असतात. त्यांना 'अवेल्ये' म्हणतात. त्या वेळी बायका छातीवर, खांद्यांवर, दंडांवर गेरूचे आणि पांढऱ्या मातीचे पट्टे ओढतात, आपल्या भूमीची गाणी गातात, नाचतात. कोणती खूण कोणत्या जागेची आणि ती कोणी काढायची, हे ठरलेले असते. म्हणजे ती नुसती सजावट नाही. जमिनीशी असलेले नाते त्यात नोंदलेले असते. आजींचा हात या रेघांवर तयार झाला.

१९७७ च्या सुमारास त्यांच्या युटोपिया नावाच्या वस्तीत बायका बाटिक शिकल्या आणि त्यांचा गट उभा राहिला. बाटिक म्हणजे कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची आणि कापड रंगात बुडवायचे. मेण असते तिथे रंग चढत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचे. आजी या गटात सुरुवातीपासून होत्या. पुढे १९८८-८९ च्या उन्हाळ्यात वस्तीत कॅनव्हास आणि रंग वाटले गेले. उकळण्या-धुण्याचे कष्ट वाचले आणि आजींनी ब्रश धरला तो कायमचाच.

त्यांची पद्धत साधी होती. कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा, मांडी घालून बसायचे, आधी रेघा ओढायच्या आणि वरून ठिपक्यांचे थर द्यायचे. पुढे ठिपके गेले, नुसते पट्टे आले. १९९५ साली त्यांनी कंदाच्या मुळांचे प्रचंड चित्र केले. सुमारे सव्वीस फूट लांब, दहा फूट उंच. काळ्यावर पांढऱ्या रेघांचे जाळे. ते दोन दिवसांत पुरे झाले. आज ते मेलबर्नच्या सरकारी कलासंग्रहालयात आहे. चित्रात काय आहे असे विचारले, की त्या कंद, सरडा, एमू पक्षी, गवताचे बी अशी नावे घेत आणि सांगत, सगळेच आहे.

जाणकारांनी त्यांची तुलना युरोप-अमेरिकेतल्या चित्रकारांशी केली. पण त्यांची शाळा तीच: जमीन, कंद, बायकांची गाणी. कॅनव्हास नवा होता, कला नवी नव्हती.

आता पैशाचे. जेमतेम आठ वर्षांत त्यांनी सुमारे तीन हजार चित्रे काढली असा अंदाज आहे. व्यापाऱ्यांची रीघ लागली. कमाईवर मोठे गणगोत अवलंबून होते. १९९६ साली आजी गेल्या. २००७ मध्ये त्यांच्या एका चित्राला लिलावात दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पण तो पैसा विकणाऱ्याचा. चित्र पुन्हा विकले गेले तर कलाकाराला किंवा वारसांना पाच टक्के देण्याचा कायदा तिथे २०१० पासून लागू झाला.

मैत्रिणींनो, गोधडीची टीप असो की चौकाची रेघ, आपल्या हातालाही असेच काही ठाऊक आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक नक्षी काढून दाखवावी. ती कोणाकडून आली, तिचा अर्थ काय, हेही वहीत लिहून ठेवावे. आणि विकायला निघालात तर किंमत ठरवताना नुसते कापड आणि दोरा मोजू नका. ती नक्षी शिकायला लागलेली वर्षेही धरा.