वाळवीचा बंदोबस्त: बिलावरील शब्द आधी समजून घ्या

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले कीटक जमतात आणि सकाळी जमिनीवर नुसत्या पंखांचा खच पडलेला दिसतो. ही वाळवीची पाखरे. घरमालक किंवा दुकानदार घाबरून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. तो ‘ट्रीटमेंट’, ‘फ्युमिगेशन’, ‘वॉरंटी’ असे चार शब्द बोलतो, आपण मान डोलावतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. वर्षभराने कापडाचे तागे किंवा घराच्या चौकटी पोकळ निघाल्या म्हणजे कळते, की आपण नेमके काय विकत घेतले हेच आपल्याला माहीत नव्हते. म्हणून नेहमीचे काही शब्द आम्ही येथे सोप्या भाषेत देत आहोत.

वाळवी की भुंगा? पहिला प्रश्न हाच. जमिनीतली वाळवी मातीच्या बारीक नळ्या बांधत भिंतीवरून वर चढते. लाकूड पोखरणारा भुंगा मात्र लाकडातच वाढतो. तो बाहेर पडताना गोल बारीक छिद्रे पाडतो आणि खाली पिठासारखा भुसा सांडतो. मातीच्या नळ्या दिसल्या तर उपाय जमिनीत व भिंतीच्या बुडाशी करायचा. छिद्रे आणि भुसा दिसला तर औषध लाकडातच मुरवायला हवे. भुंगा लागलेल्या पलंगासाठी फरशीला भोके पाडून घेतली तर तो पैसा मातीत गेला.

बांधकामापूर्वीची व नंतरची ट्रीटमेंट. पहिलीत पाया भरतानाच मातीत औषध मुरवतात. दुसरीत उभ्या घरात, फरशी व भिंत जेथे मिळतात तेथे, साधारण ३०-३० सेंटीमीटरवर भोके पाडून औषध भरतात. या कामाची पद्धत भारतीय मानक ६३१३ मध्ये दिलेली आहे. काम त्याप्रमाणे होणार का, हे जरूर विचारावे. भिंतीवर नुसता फवारा मारून जाणे म्हणजे वाळवीची ट्रीटमेंट नव्हे.

‘२० ई.सी.’ म्हणजे काय? औषधात मूळ विषारी घटक २० टक्के आहे आणि ते पाण्यात मिसळून वापरायचे आहे. लेबलवर एक टक्क्याचे द्रावण सांगितले असेल तर १ लिटर औषधात १९ लिटर पाणी पडते. आता हिशेब करा. १२ मीटर भिंतीला सुमारे ४० भोके झाली. दर भोकात एक लिटर द्रावण धरले तर ४० लिटर, म्हणजे २ लिटर मूळ औषध लागेल. माणूस पाव लिटरची बाटली घेऊन आला असेल तर काय ते समजून घ्यावे. औषध आपल्यासमोर सीलबंद डब्यातून काढून मिसळायला सांगण्यात कसलाही संकोच नको.

रंगाचा त्रिकोण. डब्यावरील चौकोनाचा खालचा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ‘हर्बल’ किंवा ‘बिनवासाचे’ एवढे ऐकून निर्धास्त होऊ नये. रंग आणि नोंदणी क्रमांक पाहावा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे व त्याखाली औषधाची नोंदणी आवश्यक असते. काम करणाऱ्याकडेही परवाना हवा. तो पाहायला मागावा.

फ्युमिगेशन. बंद जागेत विषारी वायू सोडून कीड मारणे. त्या वेळी आत असलेली कीड मरते, पण वायू निघून गेल्यावर पुढचे संरक्षण राहत नाही. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण घरात ढेकूण-उंदरांसाठी वापरतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. हा वायू शेजारच्या खोलीतही शिरतो, माणसे दगावतात आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या घरात आणूच नयेत.

वॉरंटी. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ एवढाच, की कीड पुन्हा दिसली तर फुकट फवारणी. खराब झालेल्या मालाची भरपाई त्यात क्वचितच असते. म्हणून कोणती कीड, कोणते औषध, किती भोके, किती वर्षे आणि त्यात किती वेळा तपासणी, हे सारे कागदावर घ्यावे. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकरामध्ये दिलेली आहे. संदिग्ध सौदा शरीअतला मान्य नाही, याचे शहाणपण अशा वेळी पटते.

शेवटी आपल्या सुतार व फर्निचरवाल्या बांधवांसाठी दोन शब्द. अनेक जातींचे भुंगे लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात लागतात, पक्क्या गाभ्यात सहसा नाही. पांढरा भाग वापरायचाच असेल तर औषध मुरवून वापरावा आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे. छिद्रांत लांबी भरून वर पॉलिश मारणे हा धंदा नव्हे. वर कोरडे आणि आत ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भर बाजारात जाब विचारला होता, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पॉलिशखालचे छिद्र आणि ढिगाखालचे ओले धान्य यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही.