समीकरण सुटते, पण मांडता येत नाही

इयत्ता सहावीत आपल्या मुलांची समीकरणाशी ओळख होते. आठवीपर्यंत एका चलातील समीकरण सोडविण्यात ती बऱ्यापैकी तरबेज होतात आणि नववी-दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणांपर्यंत मजल जाते. फळ्यावर ‘३क्ष + ७ = २२’ असे लिहिले की बहुतेक हात वर होतात. मात्र ‘तीन पेने आणि सात रुपयांची एक वही मिळून बावीस रुपये झाले, तर एका पेनाची किंमत किती?’ असे विचारले की तोच वर्ग गप्प होतो. गणित बदललेले नसते. केवळ ते मराठीत सांगितलेले असते. शाब्दिक उदाहरणे हा गणितातील ‘ऑप्शनला टाकण्याचा’ भाग, अशी विद्यार्थ्यांची समजूत याच अनुभवातून दृढ होत जाते.

ही केवळ गुणांची हानी असती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु व्यवहारातील कोणताही प्रश्न समीकरणाचा पोशाख चढवून माणसापुढे येत नाही. तो देयकाच्या, मजुरीच्या, भाड्याच्या किंवा कर्जाच्या हप्त्याच्या रूपाने येतो. ज्याला समीकरण सोडविता येते पण मांडता येत नाही, त्याचे गणित परीक्षागृहाच्या दारापाशीच संपते. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना प्रस्तुत लेखकाला हे दरवर्षी दिसते. मागणीचे समीकरण पाठ असते, मात्र त्यातील ऋण चिन्ह बाजारातील कोणती गोष्ट सांगते, हे विचारले की उत्तर मिळत नाही.

वस्तुतः बीजगणित जन्माला आले ते व्यवहाराच्या पोटी. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने लिहिलेल्या ज्या ग्रंथावरून ‘अल्जिब्रा’ हा शब्द रूढ झाला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीचे प्रश्न सोडविण्यात खर्ची पडला आहे. आपल्या खानदेशाला तर यापेक्षाही जवळचा वारसा लाभलेला आहे. ‘लीलावती’ (इ. स. ११५०) आणि ‘बीजगणित’ यांचे कर्ते भास्कराचार्य यांच्या जन्मग्रामाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला तो आपल्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे, याची साक्ष तेथील १२०७ सालचा शिलालेख देतो. त्या लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून, मठाच्या खर्चासाठी बाजारातील विक्रीवरील कराचा वाटा आणि दर घाण्यामागे एक पळी तेल द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. घाण्यांची संख्या कळली की तेल किती मिळेल हे कळते. ज्या मठात समीकरणे शिकवावयाची, त्या मठाचे उत्पन्नही असे हिशेबात बसविलेले होते!

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त एका अव्यक्त राशीच्या समीकरणाचे एक उदाहरण आहे. एकाजवळ ३०० रूपके आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याला १०० रूपके ऋण आहे. दोघांचे धन सारखे आहे, तर घोड्याची किंमत किती? अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि ‘या’ या अक्षराने ती दाखवितात. ६या + ३०० = १०या − १०० असे मांडले की चार घोड्यांची किंमत ४०० आणि एकाची १०० हे उत्तर सहज निघते. येथे कौशल्य पक्षांतरात नाही. कर्ज म्हणजे ऋण राशी आणि ‘धन सारखे’ म्हणजे दोन्ही बाजू समान, हे ओळखण्यात ते आहे.

आता घोडे बाजूला ठेवून रावेर-यावलकडील केळीचा विचार करू. उदाहरणादाखल समजा, एक व्यापारी बांधावरच क्विंटलला १,५०० रुपये भाव देतो. बाहेरच्या बाजारात भाव १,८०० आहे; मात्र तेथे कापणी व भराईचे क्विंटलमागे १०० रुपये आणि ट्रकचे भाडे ९,००० रुपये बागायतदारानेच सोसावयाचे आहे. माल क्ष क्विंटल धरला तर दोन्ही मार्गांचे उत्पन्न सारखे होण्यासाठी १,५००क्ष = १,७००क्ष − ९,००० असले पाहिजे; म्हणजे क्ष = ४५. हे भास्कराचार्यांच्या घोड्यांचेच समीकरण आहे. ट्रकचे भाडे हे येथील ऋण. माल ३० क्विंटल असेल तर बांधावर ४५,००० आणि बाजारात ४२,००० रुपये मिळतील. ६० क्विंटल असेल तर बांधावर ९०,००० आणि बाजारात ९३,०००. म्हणजे ४५ हे उत्तराखाली दोन रेघा मारून विसरण्याचा आकडा नसून, निर्णय बदलणारी सीमा आहे. चढ्या भावाकडेच पाहणाऱ्या लहान शेतकऱ्याला ही सीमा दिसली नाही, तर वर्षभराच्या श्रमाचा मोबदला वाहतुकीत विरघळून जातो.

घरोघरी येणाऱ्या विजेच्या बिलाचीही हीच कथा. स्थिर आकार अधिक युनिटनुसार आकार, अशी त्याची मूळ रचना. शंभर युनिटांच्या पुढे गेलो की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वास्तविक वरचा दर पुढच्या टप्प्यातील युनिटांपुरताच असतो. समजा, स्थिर आकार १३०, पहिल्या शंभर युनिटांना ५ रुपये आणि पुढे १० रुपये दर आहे. बिल ८८० आले तर १३० + ५०० + १०(क्ष − १००) = ८८०; म्हणून वापर १२५ युनिट. हे मांडता येणारी मुलगी घरातील बिल तपासू शकते.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तर याहून सुंदर उदाहरण उपलब्ध आहे. विभागीय नियंत्रण कक्षातील तक्त्यावर एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्यावर स्थानके असतात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. पूर्वी या रेघा हाताने आखीत, आता त्या संगणकावर उमटतात. गाडी वेगवान असेल तर रेघ अधिक उभी, थांबली असेल तर आडवी; आणि दोन रेघा जेथे छेदतात, तेथे त्या गाड्यांची गाठ पडते. ‘दोन गाड्या कोठे भेटतील?’ या पुस्तकी प्रश्नाला कंटाळलेल्या मुलाला हा तक्ता एकदा समजावून सांगितला, तर आलेख कशासाठी काढावयाचा हे त्याला पुन्हा सांगावे लागणार नाही.

मग करावयाचे काय? सरावाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. चिन्हे हाताळण्याचा हात बसल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. वर्गातील मुलांची संख्या आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई यांतून शिक्षकांना फुरसत मिळत नाही, हेही खरे. तरीही तीन गोष्टी खर्चावाचून साधण्यासारख्या आहेत. पहिली, शाब्दिक उदाहरणात मांडणीला स्वतंत्र आणि निम्मे तरी गुण द्यावेत. क्ष म्हणजे काय हे वाक्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. दुसरी, काही उदाहरणे केवळ मांडून घ्यावीत, सोडवू नयेत. तिसरी, प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने घरातून, दुकानातून किंवा शेतातून एक प्रश्न स्वतः तयार करून आणावा आणि आलेले उत्तर त्या व्यवहारात पटते का, हे सांगावे.

पाटणच्या मठात कोणत्या पद्धतीने शिकवीत, हे आज सांगता येणार नाही. परंतु त्या ग्रंथांतील उदाहरणे घोडे, धन आणि ऋण यांची आहेत, हे आपल्यासमोर आहे. आपल्या मुलांपुढेही त्यांच्या घरची केळी, वीज आणि रेल्वे ठेवण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. ती सुरुवात उद्याच्या तासालाही करता येईल.