डावललेल्याचा डाव

‘ऑथेल्लो’तील सारे कपट एका हुकलेल्या बढतीतून सुरू होते. इयागोची हयात लढायांत गेलेली. व्हेनिसमधल्या तीन वजनदार माणसांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. तरीही ऑथेल्लोने आपल्या हाताखालचे पद दिले ते फ्लॉरेन्सच्या कॅसिओला, ज्याचे युद्धज्ञान इयागोच्या मते निव्वळ पोथीतले. हल्ली सेवाज्येष्ठतेला कोण विचारतो, सगळीकडे वशिला चालतो, असे इयागो कुरकुरतो. पण ती तीन माणसे म्हणजे त्याने स्वतः लावलेला वशिलाच होता, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. सल धरून बसलेल्या माणसाची ही पहिली खूण.

चिंतिओच्या ज्या इटालियन कथेवरून (1565) नाटक बेतले आहे, तिच्यातला ध्वजवाहक, म्हणजे मूळचा इयागो, ऑथेल्लोची पत्नी डेस्डिमोना हिच्यावर लुब्ध असतो आणि ती दाद देत नाही म्हणून उलटतो. शेक्सपिअरने (सुमारे 1603-04) वासना मागे सारून मानभंग पुढे आणला. नाटकाची सगळी ताकद या एका बदलात आहे.

इयागोच्या दुष्टपणाला कारणच नाही, हे मत कोलरिजपासून चालत आले आहे आणि आपल्याकडचे काही पंडित ते अजून गिरवतात. इयागो कधी बढतीचे कारण देतो, कधी ऑथेल्लोने आपल्या बायकोशी संबंध ठेवल्याचा संशय सांगतो, मग तोच संशय कॅसिओवरही घेतो. कारणे बदलतात, म्हणून ती खोटी, असा या पंडितांचा युक्तिवाद. तो कोर्टात टिकेल, माणसाच्या मनात टिकणार नाही. अढी एकदा बसली की ती रोज नवा पुरावा हुडकते. कारणांची ही गर्दी हीच आकसाची साक्ष आहे.

या आकसाची कार्यपद्धती तिसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशात पाहावी. कॅसिओ डेस्डिमोनाला भेटून लगबगीने निघून जातो. आपल्याला हे बरे वाटले नाही, एवढेच इयागो पुटपुटतो. ऑथेल्लो काय म्हणालास विचारतो, तर काही नाही म्हणून टाळतो. मग ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नासारखे त्याला परत करतो. आढेवेढे घेतो, आपला स्वभावच संशयी आहे असे कबूल करतो, वर मत्सरापासून जपा, असा सल्लाही देतो. इथे उघड खोटे जवळजवळ नाहीच. जे न सांगता राहिले ते ऑथेल्लो स्वतः भरून काढतो. कॅसिओने स्वप्नात बरळल्याची धादांत खोटी कथा इयागो नंतर सांगतो, तोवर जमीन तयार झालेली असते.

दुसरी युक्ती याहून क्रूर. दारूच्या नशेतल्या मारामारीत कॅसिओची नोकरी घालवल्यावर इयागोच त्याला डेस्डिमोनाकडे रदबदलीसाठी पाठवतो. ती जितक्या कळवळ्याने शब्द टाकील तितका संशय पक्का होणार. तिचा चांगुलपणा हेच जाळे. डेस्डिमोनाचा हरवलेला रुमाल ही पुढची भरती.

मराठीत हे नाटक लवकर आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर 1867 चे. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये ‘झुंजारराव’ लिहिताना नावे, नाती आणि मानपान मराठी केले. ज्या समाजात पंगतीतल्या पाटावरून आणि दरबारातल्या जागेवरून पिढ्यान्पिढ्या वैर चाले, तिथे डावललेल्या माणसाचा डूख समजावून सांगावा लागला नाही. नाट्यस्मरणांत मात्र गणपतराव जोशींचा झुंजारराव गाजत राहिला आणि त्याला पोखरणारा कपटी मागे पडला.

देवलांचे मोठेपण त्यांच्या दुसऱ्या नाटकाशेजारी ‘झुंजारराव’ ठेवल्यावर कळते. ‘संशयकल्लोळ’मध्येही नवराबायकोचा संशय आहे आणि रुमालाच्या जागी भलत्या हाती पडलेली तसबीर आहे. तरी प्रेक्षक हसतात. कारण फाल्गुनरावाचा संशय स्वयंभू आहे. तो पेरणारा, त्याला खतपाणी घालणारा सल धरलेला माणूस तिथे नाही. एकच विकार एकट्याने आला तर प्रहसन होते, आकसाच्या हाती लागला तर कमळजेचा, म्हणजे ‘झुंजारराव’मधल्या डेस्डिमोनाचा, बळी जातो. देवलांना नुसते रूपांतरकार म्हणून निकालात काढणाऱ्यांनी ही दोन्ही नाटके एकत्र वाचलेली दिसत नाहीत.

शेजारी कर्नाटकातही हेच नाटक निवडले गेले. म्हैसूरच्या चामराजेंद्र वडियारांच्या दरबारातील बसवप्पा शास्त्रींनी (मृत्यू 1891) ‘शूरसेन चरित्रे’ हे त्याचे कन्नड रूप रचले.  ज्यांना मानपान नीट ठाऊक होते अशा दोन भाषांना हे कथानक साधारण एकाच काळात भावले, यात योगायोगाचा भाग थोडा.

मराठीत पुढे आलेले गडकऱ्यांचे खल इयागोच्याच घराण्यातले. ‘पुण्यप्रभाव’चा वृंदावन आणि ‘भावबंधन’चा घनश्याम हे दोघेही नकाराने दुखावलेले. चिंतामणराव कोल्हटकरांनी गाजवलेला घनश्याम अपमान विसरत नाही आणि दुसऱ्यांची गुपिते मुठीत धरून त्यांना नाचवतो. पण गडकरी दोघांनाही शेवटी पश्चात्ताप देतात, म्हणून ही नाटके शोकांतिकेच्या उंबरठ्यावरून परततात. इयागो पकडला गेल्यावर तोंड मिटतो. त्याच्याकडून कबुलीचे समाधानही मिळत नाही. शिरवाडकरांच्या ‘ऑथेल्लो’ने हा निबरपणा मराठीत पुन्हा आणला.

त्यानंतर रंगभूमीने हा विषय जवळपास सोडलाच. दोन अंकांत आटोपणाऱ्या आजच्या नाटकात सल मुरायला अवधी नाही. खलनायकाला एक दुःखी बालपण चिकटवले की काम भागते. ‘ओंकारा’ (2006) या हिंदी चित्रपटाने मात्र मर्म ओळखले. बाहुबलीपदाचा टिळा भरसभेत केसूच्या, म्हणजे इथल्या कॅसिओच्या, कपाळी लागतो आणि इथला इयागो, लंगडा त्यागी, ते पाहत उभा असतो. पुढे जे घडते त्याला तेवढे कारण पुरते. डावलले जाण्याचा क्षण स्पष्ट दाखवावा आणि कारस्थानाला सावकाश वाढू द्यावे, या दोन गोष्टी सांभाळल्या तर हे नाटक मराठीत आजही उभे राहील.